बाईसाहेबांचा दवाखाना

मुलांनो, जनावरांना 'अहो' आणि माणसांना 'अरे' म्हणणारा माणूस अख्ख्या माळव्यात एकच होऊन गेला, आणि तो आपल्या घरातला होता. तुमच्या आजोबांचे ते धाकटे काका. उज्जैनला कोठीकडच्या बागेत संस्थानच्या वेळचं लहानसं चिडियाघर होतं, तिथले ते डॉक्टर. कलेक्टरलाही "काय रे, बरा आहेस ना?" म्हणायचे, पण तिथली म्हातारी सिंहीण मात्र 'बाईसाहेब'. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दरबारची चाकरी. त्यामुळे पिंजऱ्यासमोर चपला काढून, मान लववून "आज तब्येत कशी आहे आपली?" असं विचारायचं, मगच जीभ बघायची. संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं, तरी यात फरक पडला नाही. "राजे गेले गं, पण त्या कुठे गेल्यात?" असं ते मला दरडावून विचारत, जणू मीच त्यांना घालवायला निघाले होते.

प्रत्येक औषध ते आधी स्वतः चाखत. "पेशंट बोलत नाही, मग कडू आहे हे सांगणार कोण?" आणि स्वतःच्या जिभेवर भरवसा नसला की बाटली घेऊन फ्रीगंजला आमच्याकडे येत. मी नवी सून, नाही म्हणता येईना.

"गूळ हवाय का गं यात?"

"काका, हे आहे कुणाचं?"

"आधी चव सांग!"

ते उंटाच्या पोटाचं होतं, हे मला चमचा गिळल्यावर कळलं. अंगाला कायम फिनेलचा वास, म्हणून सासूबाई त्यांचं पान दाराजवळ मांडायच्या. त्यांना तो आपला मान वाटायचा.

चिडियाघराला दवाखाना नव्हता. चिंचेखाली ताडपत्री बांधून सगळे इलाज चालत. बाईसाहेबांचा जोडीदार तिथेच, पावसात भिजत गेला, आणि काकांनी बाईसाहेबांना शब्द दिला की आपली वेळ छपराखाली येईल. त्या शब्दासाठी ते सरकारच्या मागे लागले. मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला; काका नेमके उलट्या गावी पोचत. शेवटी मंजुरी आली. भिंती चढू लागल्यावर ठेकेदाराने विचारलं, "डाक्टर साब, दरवाजा इतना चौड़ा? शेरनी कोई बारात लेके आएगी क्या?"

"पिंजरे समेत आएँगी. बीमार आदमी पैदल आता है क्या, भैया?" आणि पिंजऱ्याएवढी बांबूची चौकट स्वतः ओढत त्यांनी दारातून आतबाहेर नेऊन दाखवली.

इमारत पुरी झाली, पण मंत्र्यांची तारीख मिळेना. पावसाळा तोंडावर, बाईसाहेबांना खोकला. तेव्हा काकांनी जे केलं ते आपल्याच घराण्यातल्या माणसाला सुचावं: सरकारी इमारतीची वास्तुशांत! काकू वारल्या होत्या, म्हणून शेजारी सुपारी मांडून यजमान म्हणून स्वतः बसले. पुरणाचा नैवेद्यही झाला. दुसऱ्या दिवशी बांधकाम खात्याचे साहेब लालबुंद होऊन आले. "उद्घाटन के पहले उद्घाटन? अब मंत्रीजी क्या करेंगे?"

"फीता काट लें. गृहप्रवेश तो बाईसाहेब करेंगी."

साहेबांनी चौकशी लावली आणि दाराला सील ठोकलं. ज्यासाठी घाई केली तेच दार त्या घाईने बंद झालं. वास्तुशांत झालेली वास्तू रिकामी ठेवू नये म्हणून काका व्हरांड्यात खाट टाकून राहू लागले. दिवसभर चिंचेखाली, रात्री तिथे. आम्ही बोलवायला गेलो की म्हणत, "मग इथे दिवा कोण लावेल रे?"

पावसाळा सरता सरता बाईसाहेब गेल्या. ताडपत्रीखालीच, त्या रुंद दारासमोर. काका आमच्याकडे आले, पानावर बसले आणि भाताला हात न लावता उठले. एवढंच म्हणाले, "मी मुहूर्त बघितला गं, साहेबाला विचारलं नाही."

मग नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली. उरलेली जनावरं इतर शहरांना वाटून टाकली. आता तिथे उपचार करायचे तरी कुणावर! सील काढायला माणूस आला तो सरकारी टेबल-खुर्च्या ठेवायला. त्याच्या हातापाया पडून काकांनी एका कोपऱ्यात आपली खाट ठेवून घेतली. थंडीत त्यांनाही खोकला लागला, पण घरी यायला तयार होईनात.

एका दुपारी मी काढा घेऊन गेले. मावठ्याची बुरबुर चालू होती. छत्री मिटत मी त्या रुंद दारात उभी राहिले. आत रचलेल्या खुर्च्यांच्या आडून काकांनी मान वर केली. ताप खूप होता. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, खाटेवर उठून बसले, चपलांत सरकवलेले पाय परत काढून घेतले आणि मान लववली.

"अहो, आत या ना. भिजताय कशाला? छप्पर आहे आता."

इतक्या वर्षांत ते मला कधी 'अहो' म्हणाले नव्हते. मी कोण आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. पदर सावरला आणि आत गेले.