नंदूदादांनी बुजवलेला पाइप

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमध्ये नवीन घर घेतलेल्या मराठी माणसाकडे दोघं जण न बोलावता येतात. एक विमा विकणारा आणि दुसरे नंदूदादा उपासनी. पहिल्याला दारातून परत पाठवता येतं.

नंदूदादा मूळचे वर्ध्याचे. ऑफिसात डेटाबेस सांभाळतात, पण जीव सगळा हत्यारांच्या पेटीत. गळणारा नळ, करकरणारं दार, गराजचं रुसलेलं शटर, काहीही सांगा, चहा व्हायच्या आत माणूस हजर. पैशाचा विषय काढला तर चिडतात. बदल्यात फक्त त्यांचं ऐकून घ्यावं लागतं, आणि ते फार असतं. अमेरिकन बिल्डर कसे मूर्ख, प्लंबर कसे लुटारू, आपण इंजिनियर लोक कसे बावळट. मला त्यांचा वैताग यायचा आणि त्यांच्यावाचून माझं पानही हलायचं नाही.

त्यांचा सगळ्यात आवडता शत्रू म्हणजे फर्नेसच्या खोलीतला पाइप. आमच्या घरांत बेसमेंटच्या एका कोपऱ्यात घर गरम करणारी फर्नेस असते. तिच्या ज्योतीला हवा लागते, म्हणून बाहेरून एक जाड चंदेरी पाइप आत येतो आणि जमिनीजवळ तोंड उघडं टाकून लोंबत राहतो. जानेवारीत त्यातून असा वारा सुटतो की बेसमेंटमध्ये पाय टाकवत नाही. आणि नेमकं त्याच बेसमेंटमध्ये आम्ही भारतातून आलेल्या आईवडिलांना झोपवतो. वरच्या खोल्या मुलांच्या, नाहीतर मीटिंगांच्या. बोलायला नको, पण तसं आहे खरं.

नंदूदादांचा निकाल ठरलेला होता: बिल्डरने भोक ठेवलंय, बुजवून टाका. त्यांच्या स्वतःच्या घरी त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी त्यात जुनी बेडशीट कोंबली होती आणि काही झालं नव्हतं. त्यांचं घर जुनं, प्रत्येक खिडकीच्या फटीतून वारा येणारं. फर्नेसला कुठूनही हवा मिळत होती. हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि आमच्याही. बऱ्याच घरांतले पाइप त्यांनी मोठ्या मायेने बंद करून दिले. माझ्या घरचाही.

आमच्यातल्याच सुशांत आणि रेणूचं टाउनहाउस मात्र नवंकोरं, डब्यासारखं घट्ट. डिसेंबरात त्यांना मुलगी झाली आणि बाळंतपणासाठी सुशांतची आई, शरयूमावशी, वर्ध्याहून आल्या. आपल्या गावच्या म्हणून नंदूदादा लगेच भेटायला गेले. मावशी खाली बेसमेंटमध्ये स्वेटरवर शाल, शालीवर रजई घेऊन बसल्या होत्या. थंडी वाजते का असं नंदूदादांनी विचारलं, आणि त्याच दुपारी मावशींनीच काढून दिलेली सोलापुरी चादर त्या पाइपमध्ये गेली.

दुसरं एक कामही त्यांनी उरकलं. मावशी बाळाला आंघोळीनंतर धुरी द्यायच्या, निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग टाकून. वर द्यायला लागल्या की अलार्म कोकलायचा आणि रेणू दचकून उठायची, म्हणून ते खाली सुरू झालं. मग खालचा अलार्म ओरडायला लागला. नंदूदादांनी तो उतरवला आणि बॅटरी काढून कपाटात ठेवला. धुराबरोबर विषारी वायूचीही सूचना देणारं यंत्र तेच होतं. धुरीच्या नादात ते कोणाला सुचलंच नाही.

त्यानंतर मावशींचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्या की मळमळायचं. जेट लॅग, पित्त, थंडी, सगळी नावं देऊन झाली. सुंठ झाली, गोळ्या झाल्या. पण त्या बाहेर फिरून आल्या की बरं कसं वाटतं, हे कोणी विचारलं नाही.

बारसं बेसमेंटमध्येच ठेवलं होतं. वर स्वयंपाकघरात पुऱ्या तळायला एक्झॉस्ट पंखा दणदणत होता, खाली आम्ही पाळणा म्हणत होतो. जेवणं व्हायच्या आतच दोन मुलांना उलट्या झाल्या. माझ्या कपाळात घण बसायला लागले. कोणी बासुंदीला नावं ठेवत होतं. रेणूची मैत्रीण अबोली नर्स आहे. न जेवलेल्यांचंही डोकं दुखतंय म्हटल्यावर तिने बाळाला उचललं आणि आम्हा सगळ्यांना बर्फात, अनवाणी, पैठण्यांसकट बाहेर हाकललं. मग फायर ब्रिगेड आली. हवा न मिळालेल्या फर्नेसचा वास नसलेला विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, घरभर साचला होता. मी त्या दोन मुलांना गाडीत घालून हॉस्पिटलला निघाले. सगळे वाचले. बाळाला आणि मावशींना रात्रभर ऑक्सिजनवर ठेवलं होतं, पण दुसऱ्या दिवशी दोघी सुखरूप घरी आल्या.

मी निघाल्यावर तिथे काय झालं, ते मला नंदूदादांकडूनच कळलं. दोन दिवसांनी सकाळी ते आले, चहाला नको म्हणाले, थेट खाली गेले आणि माझ्या पाइपमधला कपडा ओढून काढला. मग जिन्यावरच बसले. चेहरा पार उतरलेला होता.

फायर ब्रिगेडच्या माणसाने ती चादर अंगणात आणून विचारलं होतं, हे कोणी केलं? ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर ऑक्सिजनचा मास्क लावून बसलेल्या आईकडे सुशांत वळला. चादर तिची होती. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, हे तू केलंस?" मावशींनी मास्क बाजूला केला आणि हो म्हणाल्या. "तुला कळतंय का काही? तुझ्या थंडीपायी बाळ गेलं असतं आपलं." मावशींनी मास्क परत तोंडावर ओढला. नंदूदादा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

"घाबरून हो म्हणाल्या असतील बिचाऱ्या," ते मला म्हणाले.

मी त्यांना तेव्हाच म्हटलं, आत्ता उठा आणि सुशांतला सांगा. ते हो म्हणाले आणि पुढच्या घरचा पाइप मोकळा करायला गेले. तो सगळा आठवडा त्यांनी तेच केलं. प्रत्येक घरी जायचे, कपडा काढायचे, नवा अलार्म स्वतः लावून द्यायचे. हे असं का, म्हणून विचारलं की नियम बदललेत म्हणायचे. सुशांतच्या गल्लीत मात्र त्यांची गाडी वळत नव्हती. इकडे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर म्हाताऱ्या माणसांना इथली घरं कशी समजावून सांगावीत यावर चर्चा रंगली होती. नंदूदादा ते सगळं वाचत होते आणि गप्प होते. मला त्यांची कीव येत नव्हती, संताप येत होता.

मग रेणूचा फोन आला. मावशींचं तिकीट अलीकडे आणलं होतं, रविवारी निघायचं होतं. सुशांत बाळ आता त्यांच्याकडे देत नाही, असंही ती म्हणाली, आणि बोलता बोलता रडायला लागली. मी फोन ठेवला, नंदूदादांच्या घरी गेले आणि त्यांना गाडीत बसवलं. वाटेत ते म्हणाले, "लाज वाटते गं. तोंड कसं दाखवू?" मी म्हटलं, तेच तोंड घेऊन चला, दुसरं कुठून आणणार?

सुशांतच्या हॉलमध्ये मावशींच्या बॅगा बांधून ठेवलेल्या होत्या. नंदूदादा बसलेही नाहीत. "सुशांत, तो पाइप मी बुजवला. अलार्मही मीच काढला. मावशींनी फक्त चादर दिली." एका दमात बोलून टाकलं.

सुशांत ताडकन उठला. मला वाटलं, आता हा नंदूदादांच्या अंगावर जाणार. पण तो आईकडे वळला. "मग तू हो का म्हणालीस?"

"परका माणूस माझ्यासाठी खाली वाकून काम करून गेला," मावशी म्हणाल्या. "त्याचं नाव मी चारचौघांत कसं घेऊ? आणि थंडी वाजते हे मी तुलाही सांगितलं होतं. तू फोनवर तापमान बघून म्हणालास, घरात सत्तर आहे, थंडी कसली."

सुशांतची मान खाली गेली. रेणूने पाळण्यातून बाळ उचललं आणि मावशींच्या मांडीवर ठेवलं. मावशींनी तिचं टोपडं सारखं केलं, तिला जवळ घेतलं. सुशांत म्हणाला, तिकीट कॅन्सल करतो. त्या म्हणाल्या, नको, आता जाते मी. आवाजात राग नव्हता, म्हणून समजूत घालायलाही काही जागा राहिली नाही.

नंदूदादा त्यांच्या पाया पडायला वाकले. मावशींनी पाय मागे घेतले नाहीत, पण त्यांच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

"नंदू," त्या म्हणाल्या, "हो म्हणायच्या आधी मी तुझ्याकडे पाहिलं होतं. वाटलं, हा बोलेल."

"माहीत आहे, मावशी."

जिन्यावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून.