आण्णांचा टोचा

आधीच सांगतो, भूतबित मानणारा माणूस मी नव्हे. उचगावात माझं लेथचं वर्कशॉप आहे. मायक्रोमीटरमध्ये जे येत नाही, ते माझ्या लेखी नसतंच. अमावास्येला मशीनला लिंबू बांधणाऱ्या शेजाऱ्याला मी तोंडावर हसलोय. तरीही हे लिहितोय... आणि रागानं लिहितोय, तेवढं चालवून घ्या.

वडिलांची जुनी अँबॅसिडर आहे आमच्याकडं. मुलीचं लग्न नेसरीत ठरलं, तेव्हा तिनं एकच हट्ट धरला — सासरी जाईन ती आजोबांच्या गाडीतनंच. मी हौसेनं गाडी रंगवून घेतली, खालच्या बाजूला तर स्वतःच्या हातानं जाड काळा रंग मारला. आणि तेव्हापासून मागच्या एक्सलचं ऑइल गळायला लागलं. डाव्या चाकाच्या ड्रममध्ये उतरायचं, ब्रेकचे लायनर भिजायचे. पोरीला बसवून उताराला लागलो आणि ब्रेकच लागला नाही तर?

गाडीचं काम वडिलांपासून मंगळवार पेठेतल्या आण्णा मिस्त्रींकडं. त्यांनी दोनदा ऑइल सील बदललं. दोन्ही वेळा आठवड्यात ड्रम परत ओला. तिसऱ्यांदा मी गेलो तो भांडायलाच.

"सीलचा दोष न्हाय संभा," आण्णा म्हणाले. "गाडी ठिवून जा. मी सावकाश बघतो की."

"काय बघताय? हात थरथरायला लागलेत तुमचं. तुमी घरी जावा आता, आण्णा."

चार गिऱ्हाइकं ऐकत होती. आण्णा फडक्याला हात पुसत राहिले. पंधरा दिवसांनी ते झोपेतच गेले. मी मातीला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो...

मग सील मीच बदललं. शाफ्ट मोजला, कुठं फरक नाही. सोमवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी गाडी लांबवर फिरवून आणली. कुणाची कटकट नको म्हणून शटर आतून लावलं, मागची बाजू जॅकवर चढवली, टेकू दिले आणि खाली शिरलो. परत थेंब! लग्न सहा दिवसांवर. डोकंच फिरलं. हातातला पाना भिरकावला, तो लेथवर जाऊन आपटला.

तेव्हा चाकापलीकडं दोन पाय दिसले. निळ्या रबरी चपला, डावीच्या पट्ट्याला तारेचा टाका.

"सीलला शिव्या दिऊन काय हुतंय? वर हात लाव. वाफ कोंडलीया."

आवाज रोजचा, चपला रोजच्या. खरं सांगतो, त्या क्षणी भीती वाटलीच नाही, नुसता संताप आला. आण्णा गेलेत हे डोक्यातच आलं नाही. मी खालूनच ओरडलो, "मला शिकवू नका. तुमी घरी जावा आता, आण्णा."

पण हात वर गेला होता. एक्सलच्या वरच्या अंगाला, रंगाखाली, बारीक उंचवटा लागला — ब्रीदर. एक्सल तापला की आतली हवा ज्या भोकातून बाहेर पडते, ते. मीच ते रंगानं बुजवलं होतं. कोंडलेली हवा सीलमधून ऑइल ढकलणारच. सवयीनं मी दुसरा हात बाहेर पसरला आणि कुणीतरी त्यात टोचा ठेवला. रंग फोडला. फस्स करून हवा सुटली... आणि मग आठवलं.

बाहेर आलो. कुणी नाही. शटरची कडी आतून जशीच्या तशी.

टोचा मात्र हातात होता. सायकलच्या स्पोकचा, मुठीला लाल वायर गुंडाळलेला. तो घेऊन तडक आण्णांच्या बायकोकडं गेलो. काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो तर मी रक्षेबरोबर नदीत सोडलता," त्या म्हणाल्या. "तुज्याकडं कसा आला?"

मी टोचा घेऊन परत आलो. गळती त्या दिवशी थांबली ती थांबलीच. लेकीला त्याच गाडीतनं मीच नेसरीला सोडून आलो. शहाणे म्हणतील, आण्णांचं कधीतरी ऐकलेलं बोलणं डोक्यात उसळलं असेल. असेल. पण टोचा कुठल्या डोक्यातून आला? तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, मायक्रोमीटरच्या शेजारी.

राग त्याचा नाही. गेलेल्या माणसाशी झालेलं शेवटचं बोलणं दुरुस्त करायची संधी कुणाला मिळत नाही. मला मिळाली होती. आणि मी तेच वाक्य परत बोललो.