पट्टी काढलेल्या भिंती

गुण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. काटकोन तपासायच्या हत्याराला सुतार गुण्या म्हणतात. हा माणूस कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी आधी चौकटीचा कोपरा न्याहाळायचा आणि मग पाण्याचा पेला हातात घ्यायचा. ते बघून कारखान्यात कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्याच्या बायकोला गल्लीतले लहानथोर काकू म्हणत. काकू चिडली की म्हणायची, बघायला आलात तेव्हा ठाऊक असतं तर मी मुद्दाम वाकडी उभी राहिले असते, सुटले असते.

घर त्यानेच उभं केलेलं. पुढची खोली, तिला लागून स्वयंपाकघर, मागे निजायची खोली आणि मागच्या दाराबाहेर दोन पायऱ्या उतरून हातभर अंगण. दारं, खिडक्या, फडताळं, सगळ्याला त्याचा हात लागलेला. पन्नाशी उलटली आणि त्याला फळीची कड दिसेनाशी झाली. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि गेलेली नजर परत येणार नाही हेही सांगितलं. जे दिसायचं ते मधोमध, पाइपातून बघितल्यासारखं, आणि तो पाइपही दिवसेंदिवस अरुंद होत जाणारा.

दुसरा कुणी हातपाय गाळून बसला असता. गुण्याने बाहेरची कामं घेणं बंद केलं आणि उरलेली नजर स्वतःच्या घरावर खर्च केली. सगळ्या भिंतींवर कोपराच्या उंचीला त्याने सागाची अंगठ्याएवढी रुंद पट्टी बसवली. दार जवळ आलं की पट्टीवर एक खाच. पायरी जवळ आली की दोन. शेगडीपाशी पट्टीला रंधाच मारला नाही, खरखरीत ठेवली, म्हणजे हाताला आपोआप कळावं की पुढे चटका आहे. काम संपलं तेव्हा त्याला समोर उभ्या बायकोचं फक्त नाक दिसत होतं. तो म्हणाला, तेवढं पुरे, बाकीची तू मला पाठ आहेस.

पुढे नाकही दिसेनासं झालं. पण घरात तो असा वावरायचा की नवा माणूस फसावा. चहा करायचा, कांदा चिरायचा, मागच्या अंगणात जाऊन कुंड्यांना पाणी घालायचा. दिवा गेला तर स्टुलावर चढून नवा बसवायचा. काकू खाली स्टूल धरून उभी, आणि वरून त्याची बडबड, की दिवा हिला हवा, डोळे हिच्याकडे आणि वर चढायचं मी. गल्लीतली पोरं गंमत म्हणून आवाज न करता दारात उभी राहायची, आणि तो आतून ओळखून नावानिशी हाका मारायचा.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग काकूच्या गुडघ्यांनी दगा दिला. बाजार लांब, दवाखाना त्याहून लांब, आणि एकुलती एक लेक नोकरीच्या गावी. लेक म्हणाली, आमच्याकडेच या. दोघं महिनाभर राहून आली. जावई सरळ माणूस, एका शब्दाने वावगं बोलला नाही. पण तिथे गुण्याला न्हाणीघरापर्यंत धरून न्यावं लागायचं. जावई ऑफिसला निघण्यापूर्वी घड्याळाकडे बघत सासऱ्याचा हात धरायचा. गुण्याला घड्याळ दिसत नव्हतं, पण हाताची घाई कळायची. परतीच्या प्रवासात तो बायकोला एवढंच म्हणाला, "लेकीच्या जवळ जाऊ. लेकीच्या घरात नको. मला माझ्या पायांनी चालायचंय."

म्हणजे लेकीच्या शेजारपाजारी, तळमजल्यावर, स्वतःच्या दोन खोल्या हव्या होत्या. त्यासाठी हे घर विकायचं. आणि घर आहे तसं विकलं तर तेवढे पैसे हातात येत नव्हते. घरांचे व्यवहार करणारा एजंट बघायला आला. तरुण, चटपटीत, अंगाला भपकारा. गुण्याने त्याचं लगेच अत्तर असं बारसं केलं. अत्तर म्हणाला, काका, घर मजबूत आहे, पण गिऱ्हाईक मजबुती बघत नाही, ते दारात पाय ठेवतं आणि तिथेच मनात ठरवतं. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडा, म्हणजे एकच मोठी जागा दिसेल. सगळीकडे एकसारखी गुळगुळीत फरशी टाका. भिंतींना पांढरा रंग. ओटा नवा करा, त्याला बसून खाता येईल असा पुढे आलेला कट्टा जोडा. आणि मग जरा चाचरत म्हणाला, "ही पट्टी तेवढी काढायला हवी. ती बघितली की माणसाला दवाखाना आठवतो."

काकूने गुण्याकडे बघितलं. तिला वाटलं, आता हे भडकणार. पण गुण्या उठला, मधल्या भिंतीपाशी गेला आणि बोटांच्या पेरांनी ती वर, खाली, मधे ठोकली. म्हणाला, हिच्यावर कसलाच भार नाही, पाडा खुशाल. पट्टीवर त्याने तळवा ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाला, की माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी पेन्सिलीच्या खुणा रंध्याने काढून टाकायच्या असतात. आपल्या खुणा आपल्यासाठी, गिऱ्हाइकाला त्या दाखवायच्या नाहीत. त्याने आयुष्यभर तसंच केलं होतं. खूण राहिलेलं कपाट त्याच्या हातून कधी बाहेर गेलं नव्हतं.

एजंट गेल्यावर काकूने विचारलं, अहो, मग तुम्ही चालणार कसे? घर काय उद्याच विकलं जाणार आहे? गुण्या हसला. हे घर बांधलं कुणी, मी की तू? पट्टी आता नावाला आहे, पायांना सगळं पाठ आहे. काकूला हेच ऐकायचं होतं. तिच्या डोळ्यांसमोर तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्या होत्या, आणि भाजी घेऊन वाटेत डोकावणारी लेक होती. म्हणून तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला नाही.

काम होईस्तोवर ते लेकीकडे राहिले. परत आले तेव्हा दारापाशीच ओल्या रंगाचा वास आला. काकू आत गेली आणि क्षणभर तिला आपलंच घर ओळखू येईना. केवढं मोठं दिसत होतं, केवढं उजळ. तिला आनंद झाला, हे ती पुढे कधी विसरू शकली नाही. गुण्या चपला काढून यजमानासारखा झपाझप आत शिरला. डावा हात सवयीने भिंतीवर गेला, गुळगुळीत भिंतीवरून सरकला. "छान लावलाय रंग," तो म्हणाला. आणखी पुढे गेला. जिथे भिंत असायला हवी होती तिथे हात हवेत गेला. तो थांबला. खाकरला. पूर्वी त्याचं खाकरणं मधल्या भिंतीवर आपटून जवळून परत यायचं आणि त्याला आपण कुठे आहोत ते कळायचं. आता ते कुठूनतरी लांबून, सगळीकडूनच आलं. पायांखालची फरशीही काही सांगेना. आधी स्वयंपाकघराची फरशी थंड आणि खडबडीत असायची, बाहेरची वेगळी. आता सगळी एकसारखी.

पायांना जे पाठ होतं ते घर होतं कुठे? तो अंदाजाने निघाला आणि नव्या कट्ट्याचा कोपरा त्याच्या कंबरेत बसला. वेदना गिळून त्याने कोपऱ्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाला, काटकोनात आहे, गवंडी बरा होता. काकूला हसावं की रडावं कळेना.

त्यानंतर तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागला. बसायला म्हणजे, सकाळी तिथे बसायचा आणि हाक मारल्याशिवाय उठायचाच नाही. चहा काकू करायची. कुंड्या वाळल्या. तिने मग स्वतःच्या डोक्याने एक उपाय काढला. खुर्चीपासून कट्ट्याला वळसा घालून मागच्या दारापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधली. गुण्या म्हणाला, गुराढोरांसारखं दावं लावलंस की. पण दोरी धरून उठला. पहिल्या दिवशी अंगणापर्यंत गेला आणि तिथूनच ओरडून सांगितलं, पोचलो. काकूने पदराने डोळे पुसले आणि मोठ्याने म्हणाली, नोबेल देऊ का?

पण घर बघायला माणसं येत होती. अत्तरचा फोन आला की दोरी सोडायची, माणसं गेली की पुन्हा बांधायची. काकांना दिसत नाही हे गिऱ्हाइकांना सांगू नका, असंही त्याने बजावलं होतं. म्हणाला, काका खुर्चीत बसलेले असले की झालं, म्हाताऱ्या माणसांसारखे म्हातारे.

एका सकाळी एक नवरा-बायको आले. वेळेआधीच आले. काकूने घाईघाईने दोरी सोडली, गुंडाळली, फडताळात कोंबली आणि दार उघडलं. दोरी सोडल्याचं गुण्याला सांगायचं राहून गेलं. रोज सांगायची, त्या दिवशी राहिलं. बाईला घर फार आवडलं. ती म्हणाली, किती मोकळं आहे, फक्त वारा कुठून येतो ते बघायला हवं. गुण्याला राहवलं नाही. घराचं कौतुक चाललं होतं आणि वाऱ्याची गोष्ट त्याच्याइतकी कुणाला ठाऊक होती? तो उठला, मागचं दार उघडून दाखवतो म्हणाला आणि दोरी जिथे असायची तिथे हात टाकून त्याने अंगाचा भार दिला. तिथे काहीच नव्हतं. तो आडवा गेला आणि डोकं कट्ट्याला लागलं.

बाईने धावत येऊन त्याला बसतं केलं. कपाळ फुटलं होतं. काकू जागच्या जागी उभी होती. गुण्या खाली बसल्या बसल्या त्या बाईला म्हणाला, "फरशी नवी आहे ना, जरा घसरते. रुळेल." मग अंदाजाने काकूच्या दिशेला तोंड करून हळूच म्हणाला, "तुला लागलं नाही ना?"

घर त्याच जोडप्याने घेतलं. अत्तरने सांगितलेल्या किमतीला. त्या बाबतीत तो एका शब्दाने खोटं बोलला नव्हता.

लेकीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तळमजल्यावर, हव्या होत्या तशाच दोन खोल्या मिळाल्या. काकूने सामान लावायच्या आधी सुतार बोलावला आणि सगळ्या भिंतींना पट्टी लावून घेतली, खाचांसकट. गुण्याने एका जागी हात फिरवून पाहिला, रंधा नीट मारलाय म्हणून सुताराला शाबासकी दिली आणि खुर्ची कुठे आहे ते विचारलं. एकट्याने तो त्यानंतर एकदाही चालला नाही. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही बिघाड नाही. लेक रागावली, समजावून थकली. जावई सुट्टीच्या दिवशी त्याला धरून फिरवू लागला, आता घड्याळ न बघता. पण गुण्याचा हात कुणाच्या तरी खांद्यावर असला तरच पाय उचलायचा, आणि तो खांदा बहुतेक वेळा काकूचा असायचा.

एका संध्याकाळी दोघं दारापुढे खुर्च्या टाकून बसलेली असताना समोरची शेजारीण येऊन टेकली. बोलकी, मायाळू बाई. इकडचं तिकडचं झाल्यावर ती काकूला म्हणाली, किती करता हो तुम्ही यांचं. आणि मग गुण्याला ऐकू जाणार नाही असं समजून आवाज उतरवून म्हणाली, "पहिल्यापासूनच असे आहेत का? म्हणजे, कधी एकटे हिंडले-फिरलेच नाहीत?"

काकूच्या ओठांवर सगळं एकदम आलं. हा माणूस कोण होता, काय काय करायचा, ते या बाईला, या सगळ्या नव्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणारच, मग असं झालं कशाने? ती शब्द जुळवत राहिली.

"नाही हो," गुण्या म्हणाला. "मी पहिल्यापासून हिच्याच खांद्यावर. हिला तरी दुसरं काम काय होतं?"

शेजारीण खळखळून हसली, नशीबवान आहात म्हणाली. काकूलाही हसावं लागलं. गार वारा सुटला तसा गुण्या म्हणाला, चल, आत ने. ती उठली, गुडघे कुरकुरले. त्याचा हात तिचा खांदा शोधत हवेत फिरत होता आणि जरा वरून चुकत होता. सापडेल म्हणून ती थोडी थांबली. मग स्वतःच टाचा उंचावून तिने खांदा त्याच्या हाताखाली नेला.