जड झालेला पाळणा

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. मुळशीच्या त्या प्रवासात मी एका भल्या माणसावर चोरट्या दारूचा आळ घेतला, आणि तोही भरल्या अंगणात.

साल अठ्ठ्याहत्तर असावं. थंडी नुकती पडू लागली होती. माझी भाची शालन हिला, दोन बाळं हातची गेल्यावर, मुलगा झाला होता. तिची आई, म्हणजे माझी बहीण, हयात नव्हती. माहेरचा पाळणा नेणं माझ्याकडे आलं. पुण्यातल्या सुताराकडून मी सागवानी पाळणा करून घेतला, चारही खांबांसकट. खांब सुटे केले तर पुन्हा तसे बसणार नाहीत, असं तो म्हणाला. म्हणून अख्खाच बांधला. भोवती पेंढा, वर गोणपाट, आणि दाभणाने (गोणपाट शिवायच्या जाड सुईने) शिवण मी स्वतः घातली. प्रत्येक टाक्याला दुहेरी गाठ. वीस वर्षं मी एका पार्सल कचेरीत काढली होती. शिवण बघून गाठोडं वाटेत उघडलंय का ते मला कळे, आणि नुसतं उचलून वजन सांगता येई. याचा मला गर्व होता.

एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टरने विचारलं, "काका, ह्यात हत्ती हाय का?"

"पाळणा आहे."

"मंग हत्तीचं बारसं दिसतंय!"

गाडी हसली. मी हसलो नाही. भूगाव गेलं, पिरंगुटचा घाट उतरला. प्रत्येक थांब्याला मी खाली उतरून टपाकडे बघत होतो. कासार आंबोलीला एकाने आपली सायकल उतरवून घेतली, तेव्हा कंडक्टर ओरडत असताना मी वर चढून दोरी पुन्हा आवळली.

पौडला शालनच्या सासऱ्यांनी बैलगाडी धाडली होती. गाडीवान गेनबा, पन्नाशीचा, काटक. आम्ही दोघांनी गाठोडं गाडीत ठेवलं. अठ्ठावीस किलो, मी मनात म्हटलं.

"ह्यात काय काय हाय, पाव्हणं?"

"पाळणा."

"निस्ता पाळणा? आत काय बी न्हाई?"

"काही नाही."

त्याने गाठोड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. आत काय आहे याची या माणसाला एवढी पंचाईत का?

भातं कापून झाली होती. खाचरांत (बांध घातलेल्या भातशेतांत) नुसते बुडखे, आणि खळ्याखळ्यांवर पेंढ्या झोडल्याचा धपधप आवाज. नदीकडून गार वारा येत होता. एरवी मी हे सगळं डोळे भरून पाहिलं असतं. त्या दिवशी गेनबाच्या पाठीकडे पाहत बसलो.

वाटेत त्याची वाडी लागली. त्याने मला ओट्यावर बसवलं आणि गाडी घरामागे नेली. "बैलास्नी पाणी दावतो," म्हणाला. त्याची बायको ठकूबाई हिने नाचणीची भाकरी, ठेचा आणि गुळाचा कोरा चहा पुढे ठेवला. तेवढ्यात गेनबा दाराशी येऊन तिच्या कानाशी काहीतरी बोलला. तिने माझ्याकडे बघितलं, आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी उठलो.

"कुटं निगाला?" गेनबा आडवा आला.

"गाडी बघून येतो."

"गाडीला काय पाय फुटत्यात व्हय? भाकरी खावा की."

मी पुन्हा बसलो, पण कान घरामागेच लागले होते.

पुढे ओढ्यात चाक रुतलं. गाठोडं उतरवून पलीकडे न्यावं लागलं. हात लावला आणि मी चरकलो. माझ्या बाजूला तीन-साडेतीन किलो वाढले होते! कडेच्या चार टाक्यांना एकेरी गाठी होत्या. वाटेत हलकी झालेली पार्सलं मी शेकड्याने पाहिली होती. जड झालेलं एकच. ती एक गादी होती, आणि तिच्यातून हातभट्टीच्या दारूने भरलेल्या ट्यूबा निघाल्या होत्या.

"गेनबा, हे जड कसं झालं?"

"दमलायसा, पाव्हणं. दमलेल्या हाताला जड लागतं."

तो खोटं बोलत होता, एवढं मला नक्की कळलं.

शालनच्या अंगणात दुसऱ्या दिवशीच्या बारशासाठी आलेल्या बायका जमल्या होत्या. शालन बाळाला घेऊन उंबऱ्यात उभी. गेनबा घाईने म्हणाला, "उद्याच्यालाच सोडा शिवण. आज नगं."

मग मात्र मी मोठ्याने बोललो. "थांबा सगळे. या माणसाने वाटेत गाठोडं उसवून आत दारू घातली आहे. तुमच्यासमोरच उघडतो." आणि चाकूने गोणपाट फाडलं.

पाळण्यात वरवंटा निजवलेला होता. जुन्या, स्वच्छ कुंचीत (तान्ह्या बाळाच्या टोपड्यात) गुंडाळलेला, वर हळदीकुंकवाचं बोट.

शालनची सासू पुढे झाली आणि म्हणाली, "मामा, तुमी रिकामा पाळणा घिऊन निगालावता?"

रिकामा पाळणा हलू नये, म्हणून बाळाआधी त्यात वरवंटा निजवतात, हे मलाही ठाऊक होतं. पण हा पाळणा पुण्यापासून हलत येणार, हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन बाळं गेलेल्या घरी मी तो तसा आणला होता. शालनने मूल छातीशी घट्ट धरलं आणि ती आत गेली.

"मामानं रिकामा आणला आसं कुणी म्हणू नये, म्हून गुपचूप घातला," गेनबा म्हणाला. "रातच्याला तुमच्या कानावर घातलं असतं, आन् उद्या तुमचंच नाव झालं असतं." पाणीही न पिता त्याने गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी बारसं पार पडलं. शालन माझ्याशी एकच वाक्य बोलली. "मामा, वरवंटा ठकूमावशीचा आहे. कुणाच्या हाती धाडू नका."

तिसऱ्या दिवशी वरवंटा खांद्यावर घेऊन मी वाडीकडे निघालो. तिथून पौड आणि पुणं. वाटभर सबबी जुळवत होतो. कचेरीची सवय, एकेरी गाठी, कुणालाही संशय आला असता. पण खरं असं होतं की वीस वर्षांत, एखाद्याच्या गाठोड्यात कुणी आपलं काही देण्यासाठी घालत असेल, ही शक्यता मी कधी धरलीच नव्हती.

ठकूबाई ओढ्यातल्या गोट्याने मिरची चेचत होती. "ठिवा तितं," म्हणाली. "दोन दिस झालं, दगडानं कुटतीया."

गेनबा खळ्यावर भात झोडत होता. मी माफी मागितली. त्याने हातातली पेंढी झोडून संपवली.

"मला सांगून काय उपेग? बोललात तितं, आन् माफी हितं व्हय?"

"मग चला माझ्याबरोबर."

"मला काम हाय."

"मी येते," ठकूबाई हात धूत म्हणाली. "मला ऐकायचं हाय."

बायकोला एकटीला कसं धाडायचं, म्हणून गेनबाही पुटपुटत निघाला. दुपारची एसटी चुकली. शालनच्या अंगणात बायका बारशाची भांडी घासत होत्या. त्यांना मी थांबवलं, शालनला आणि तिच्या सासूला बाहेर बोलावलं. परवा होतो त्याच जागी उभा राहिलो आणि परवाइतक्याच मोठ्याने म्हणालो, "पाळणा मी रिकामा आणला होता. तो गेनबा आणि ठकूबाईंनी भरला, आणि मी गेनबावर दारूचा आळ घेतला. गेनबा, ठकूबाई, माझं चुकलं. शालन, तुझ्या बाबतीतही मी चुकलो. मला माफ करा."