ऊन नको म्हणून निवडलेलं गाव

स्नोबोर्डिंग ही माझी हौस नव्हती, हे आधीच सांगून टाकते. जन्म सोलापूरचा, सासर सोलापूरचं, आणि गेली वीसेक वर्षं नवऱ्याबरोबर एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. पायाला फळी बांधून बर्फावरून घसरायचं मला कशाला सुचेल? सुचलं ते लेकीला. मुग्धा जर्मनीत टेक्स्टाईल इंजिनिअरिंग शिकायला गेली, ती शिकून परत येऊन कारखाना बघणार म्हणून. शिक्षण संपलं आणि तिचा फोन आला. "एका कंपनीनं मला इथं नोकरी देऊ केलीय. बाकीचं समोरासमोर बोलू. जानेवारीत आई एकटी येऊ दे. डोंगरात आठवडाभर राहू, मी तिला स्नोबोर्ड शिकवते."

फोन ह्यांच्या हातात होता. तो ठेवून ते माझ्याकडे वळले.

"कुटं जायचं ते जा," ते म्हणाले. ते मूळचे मंद्रूपचे, आणि काळजीत असले की गावची भाषा वर येते. "घसर, पड, काय करायचं ते कर. पण पोरगीला परत यायला तयार करूनच ये."

म्हणजे माझ्या सहलीला हे एक काम होतं. बर्फ, डोंगर वगैरे सगळं त्या कामाच्या निमित्तानं.

आता जागा कशी निवडली ते सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण त्यासाठीच हे वाचत असणार. मुग्धानं तीन पर्याय पाठवले होते. फ्रान्समधलं एक मोठं रिसॉर्ट: भरपूर उंचीवर, त्यामुळे बर्फाची खात्री, दारातून बाहेर पडलं की थेट उतार. पण लांब आणि महाग, आणि शिकाऊ माणसाला त्या अफाट उतारांचा काही उपयोग नाही. दुसरं बल्गेरियात. सगळ्यात स्वस्त, पण मुग्धाच्या गावाहून तिथं पोचायला फार दगदग. तिसरं ऑस्ट्रियातलं एक छोटं गाव, इन्सब्रुकहून बसनं साधारण तासाभरावर. म्युनिकला उतरायचं, रेल्वेनं इन्सब्रुक, पुढं बस. मी हे तिसरं घेतलं. पहिल्यांदाच जाणार असाल तर तुम्हीही असंच छोटं गाव बघा. फक्त एक चौकशी आधी करा: शिकाऊ उतारावर वर न्यायला सरकता पट्टा आहे का. काही ठिकाणी नुसता ओढून नेणारा दांडा असतो, आणि पायाला बोर्ड बांधलेल्या माणसाचे तो फार हाल करतो.

गाव ठरलं, आता राहायची जागा. मुग्धा म्हणाली, "आई, ते तू बघ." मग मी सोलापूरकर जे करतो तेच केलं. आम्ही घर बघायला गेलो की आधी पश्चिमेची भिंत बघतो. खोलीत ऊन येतं का, दुपारी भिंत तापते का, गाडी लावायला सावली आहे का. गावातून एक ओढा जातो. ओढ्याच्या एका बाजूच्या घरांना "भरपूर सूर्यप्रकाश" असं लिहिलेलं होतं आणि भाडंही जास्त होतं. मी मनात म्हटलं, बघा, उन्हाचे पैसे घेतात! दुसऱ्या बाजूचं एक घर निवडलं आणि घरमालकिणीला मेलही टाकली, की आम्हाला अजिबात ऊन न येणारी खोली हवी. तिचं उत्तर लगेच आलं. तशी खोली निश्चित मिळेल.

व्हिसाची तयारी लवकर सुरू करा, जानेवारीसाठी दिवाळीच्या आतच. बोर्ड, बूट, हेल्मेट तिथं भाड्यानं मिळतं, उगाच विकत घेऊ नका. पडताना मनगट मोडू नये म्हणून बांधायचे पट्टे मात्र स्वतःचे न्या. खाण्यात मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली. दूध-तूप-खव्याचं काही तिकडं नेऊ देत नाहीत, त्यामुळे लाडू घरीच ठेवले, ते ह्यांनी संपवले.

मुग्धा मला म्युनिकच्या विमानतळावर भेटली. वाळली होती, रंगही उतरला होता. पण तिकिटाच्या यंत्रापुढं, फलाटावर, बसच्या ड्रायव्हरशी बोलताना ती इतकी सराईत होती, की मी तिची पिशवी धरून मागं मागं चालत राहिले. गावात पोचलो तेव्हा दुपार होती. घर सुरेख, लाकडी, खिडकीपुढं बर्फाची उशी साचलेली. घरमालकीण हेल्गा साठीची, गोल चेहऱ्याची बाई. तिनं आम्हाला आत घेतलं, आणि मला बघताच पटकन जाऊन खोलीचे जाड पडदे ओढले. मला वाटलं, पद्धत असेल. मग तिनं मुग्धाला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी विचारलं, आणि मुग्धा जी हसायला लागली ती जमिनीवरच बसली.

"आई, त्या विचारतायत, तुला उन्हाचा काही आजार आहे का."

"मला? कशाला?"

"इतक्या वर्षांत कुणी ऊन नको म्हणून खोली मागितली नाही म्हणे. या बाजूला नोव्हेंबरपासून ऊन पडतच नाही. डोंगर उंच आणि सूर्य खाली. फेब्रुवारीत येतं परत. म्हणून तर भाडं कमी."

मी ओढ्यापलीकडं बघितलं. तिथली घरं पिवळ्याधमक उन्हात होती, आणि गॅलरीत लोक स्वेटर काढून बसले होते. आमच्याकडं निळी, गार सावली. हेल्गाला मी मुग्धाकरवी आमच्या उन्हाळ्याचं सांगितलं, तेव्हा तिनं माझा हात धरून काहीतरी दिलगिरीचं म्हटलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दोष गावाचा नाही, माझाच आहे.

दुसऱ्या दिवशी शिकवणी. शिकाऊ उतार आमच्याच बाजूला होता. बर्फ म्हणजे कापूस, अशी माझी समजूत होती. सावलीतला, दिवसभर दाबला गेलेला आणि रात्री गोठलेला बर्फ म्हणजे शहाबादी फरशी. शिक्षिकेनं आधी मला पाठीमागून हलकेच ढकललं. जो पाय आपोआप पुढं पडला तोच बोर्डावर पुढं. मग टाचांवर जोर देऊन घसरायचं, टाचा दाबल्या की थांबायचं. सांगायला एवढंच. मी बसून पडले, उताणी पडले, एकदा तर नुसती उभी असताना पडले. मुग्धा शेजारून झोकात वळणं घेत जायची आणि ओरडायची, "आई, पायाकडं बघू नको! जायचंय तिकडं बघ की!"

संध्याकाळी माकडहाड चोळत मी भाकरी मोडून चटणीबरोबर खाल्ली. हेल्गानंही एक तुकडा खाल्ला, कडक भाकरी तिला फार आवडली. आम्ही तिच्याकडचा चीज घातलेला शेवयांसारखा पदार्थ खाल्ला, वर तळलेला कांदा. शाकाहारी माणसानं तिकडं बेलाशक हा मागवावा, पण एका ताटात दोघांनी खावा.

कामाचं बोलायचं मी रोज ठरवत होते आणि रोज टाळत होते. तिच्याशी फक्त हसून खेळून इतके दिवस राहायला कधी मिळालं होतं? एक प्रश्न विचारला की ते संपणार, याची भीती वाटत होती.

पुढचे दोन दिवस असेच पडण्यात गेले, पण शेवटी टाचांवर थांबता येऊ लागलं. शिक्षिका म्हणाली, आता वर जा. केबल कारनं आम्ही डोंगराच्या माथ्याकडं गेलो, आणि मधेच एका क्षणी डबा उन्हात शिरला. वर खानावळीसमोर बाकांची रांग, सगळी माणसं सूर्याकडं तोंड करून, डोळे मिटून बसलेली. सवयीनं मी खुर्ची ओढून भिंतीच्या सावलीत नेली.

"आई, इकडं ये की गं," मुग्धा म्हणाली. "या बाकासाठी लोक भांडतात."

मी गेले. ऊन अंगावर आलं आणि खरं सांगते, इतकं बरं वाटलं की डोळे मिटले. तसेच मिटलेले ठेवून विचारलं, "मग, त्या नोकरीचं काय करायचं?"

तिनं हातमोजे काढले. मग म्हणाली, "आई, मी हो म्हटलंय. तू यायच्या आधीच."

मी डोळे उघडले. "मग मला कशाला बोलावलंस?"

"सांगायला. फोनवर सांगितलं असतं तर बाबा बोलले असते आणि तू मागं उभी राहिली असतीस. तू काय म्हणतेस ते मला कधी कळलंच नसतं."

मला राग आला. इतका लांबचा प्रवास, हे माकडहाड, ह्यांनी सांगितलेलं काम, आणि निर्णय आधीच झालेला! मी उठले, बोर्ड बांधला आणि निघाले. वाटेत कितीदा पडले ते विचारू नका. एका वळणावर पडले ती उठलेच नाही, बर्फात बसून राहिले. मुग्धा आली, शेजारी बसली. तिचं नाक लाल झालं होतं, थंडीनं की कशानं कोण जाणे.

"चांगलं झालं," मी म्हणाले. "पगार बरा आहे ना?"

"बरा आहे."

"आणि जेवणाचं?"

"करते की मी. तू शिकवलंयस ना."

मग आम्ही खाली आलो. ती हळू, माझ्या मागं मागं. राहिलेले दिवस आम्ही दुपारी वर जाऊन बसायचो आणि उरलेल्या वेळात पडायचो. निघताना विमानतळावर मी रडले नाही. विमानात रडले.

सोलापुरात पोचले तेव्हा हे स्टेशनवर आले होते. घरी बॅग ठेवली, मी चहा टाकला, मग म्हणाले, "बोललीस का?"

"बोलले. ती राहणार आहे तिकडंच."

"आन् तू परवानगी दिलीस?"

"तिनं मागितलीच नाही. सांगितलं फक्त."

ह्यांनी चहा बशीत ओतला. जागा कशी होती, पैसे वसूल झाले का, हे तुम्ही मला विचाराल. झाले. बोर्डावर मी अजून कच्चीच आहे, पण त्या आठवड्याइतकी लेक मला पूर्वी कधी मिळाली नव्हती, आणि पुढच्या खेपेला ओढ्यापलीकडं, जास्त भाडं देऊन राहीन.

"मग तू काय म्हणालीस तिला?" ह्यांनी विचारलं.

"चांगलं झालं, म्हणाले."

"आन् खरं काय वाटलं?"

असं ते मला कधी विचारत नाहीत. मुग्धा हे वाचणार आहे, वाचू दे. मी म्हणाले, "लई वाईट वाटलं."

"मला बी," ते म्हणाले.

चहा संपवून आम्ही दोघं कारखान्यात गेलो. पाळी बदलायची वेळ झाली होती.