आत्याबाईंचा डावा पाय

पायातली नाडी कशी पाहायची हे शिकवण्यात माझी हयात गेली. रक्तवाहिन्यांचे विकार हा माझा विषय. नव्वदच्या दशकात सुरतच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी नुकतीच प्राध्यापक झाले होते. विद्यार्थ्यांना रोज बजावायचे, "बोट दाबून धरू नका, नाहीतर स्वतःचीच नाडी रोग्याची म्हणून मोजाल." आणि नेमकी तीच चूक माझ्या हातून झाली.

सुरतेतल्याच नवागाम भागातल्या एक आजी वॉर्डात होत्या. मूळच्या खानदेशातल्या, मुलगा आणि सून दोघेही लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. आजींच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत. अशा हृदयात रक्ताची गुठळी होते, कधीतरी ती सुटून पायात अडकते, आणि काही तासांत रक्त सुरू झाले नाही तर पाय कापावा लागतो. त्या सकाळी आजी म्हणाल्या, डाव्या पायाला मुंग्या येतात. भोवती दहा विद्यार्थी उभे. मी घाईने पावलावर बोटे दाबली, ठोके लागले, आणि "नाडी उत्तम आहे" असे ऐटीत सांगून पुढच्या खाटेकडे वळले. देवाचे नाव घेऊन रोग्याला हात लावायची माझी जुनी सवय, पण प्राध्यापक झाल्यापासून तीही सुटली होती.

सून कामाच्या पाळीवर निघाली होती. जाताना तिने रोजच्यासारखे वाकून सासूच्या, तिच्या आत्याबाईंच्या, दोन्ही पावलांवर हात ठेवले. आणि तशीच थांबली.

"मॅडम, आत्याबाईना हाऊ पाय गार पडना. एकदाव देखा ना."

मला राग आला, खरे सांगते. तरी परत गेले. या वेळी बोटे हलकी ठेवली. काहीच लागेना. मघाचे ठोके एकसारखे होते हे तेव्हा लक्षात आले. आजींचे तसे असणे शक्यच नव्हते. ते माझे होते.

शल्यचिकित्सकांनी आजींना लगेच शस्त्रक्रियेसाठी आत घेतले. मी बाहेर बाकावर सुनेशेजारी बसले. दत्तगुरूंचा जप करू गेले तर शब्दच आठवेनात. इतकेच म्हणत राहिले, "देवा, माझ्या चुकीची शिक्षा त्यांच्या पायाला देऊ नकोस." शेजारी सून कानबाईला, खानदेशातल्या तिच्या देवीला, हाका मारत होती. तिच्याकडे बघण्याची मला हिंमत होत नव्हती.

गुठळी निघाली. आजींना बाहेर आणले तेव्हा विद्यार्थी माझ्याकडे पाहू लागले. माझा हात पुढे होईना. मी सुनेला म्हटले, "आधी तू बघ."

तिने दोन्ही तळवे टेकवले. "गरम शे," ती म्हणाली. "कानबाई मायनी कृपा."

मी सगळ्यांसमोर रडले, आणि सकाळची चूक तिला आणि विद्यार्थ्यांना सांगून टाकली.

ती कृपा कोणाची, यावर मी वाद घालत नाही. चुकण्याची भीती माझ्या मनातून आजही गेलेली नाही, आणि ती जावी असे मागणेही मी सोडले आहे. कोणत्याही रोग्याच्या पावलावर बोटे टेकवण्याआधी क्षणभर डोळे मिटते आणि म्हणते, "मला कळत नाही, तू दाखव."