खालचा दोरा

मंगळवार, १२ ऑगस्ट १९५८. भूगोलाची वही तपासून मिळाली. नवा बूट चावला. शिवणाच्या सिस्टर म्हणाल्या, उद्या मशीनवर शिवलेला एप्रन आणायचाच. नाही आणला तर पहिलीच्या मुलींत बसून हातटाके. आत्याने आजही दोरा दिला नाही.

शेवटचं वाक्य तिने इतकं दाबून लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं.

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. वय दहा. आत्या लोकांचे कपडे शिवायची आणि तिच्या पायमशीनला हात लावायचा तर नियम एकच: आधी बिनदोऱ्याचं शिवायचं. वहीचा कागद सुईखाली धरायचा आणि रेघेवर भोकं पाडत जायचं. ओळीने दहा कागद सरळ गेले की दोरा. महिना झाला, भिंगरीची गाडी नवाच्या पुढे जाईना. चाक उलटं फिरे, कागद फाटे आणि आत्या पुन्हा एकपासून मोजायला लागे.

"आत्या, उद्या न्यायचाय गं एप्रन!"

"ने की. कापडाला मी नाही म्हटलंय का?"

"दोऱ्याशिवाय?"

"सुई रेघ सोडते तोवर दोरा म्हणजे नुसता गुंता. आणि रडायचं तर लांब बसून रड, कापडाला डाग पडतात."

दुपारी आत्या कोणाची तरी मापं घ्यायला गेली. भिंगरीने आतून कडी लावली. रीळ वरच्या खिळ्यावर बसवलं, आत्या ओवते तसा दोरा वळणावळणाने खाली आणला आणि थुंकी लावून लावून सुईत घातला. मशीन गुणी बाळासारखं चाललं. एप्रनच्या तिन्ही बाजू झाल्या, वर खिसाही लागला.

"म्हणे दहा कागद!" असं म्हणत तिने दोरा तोडायला हिसका दिला.

दोरा तुटला नाही, सुटला. सरसर करत सगळी शिलाई हातात आली आणि खिसा जमिनीवर पडला.

तिने पुन्हा शिवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही सुटलं तेव्हा तिने मशीनला लाथ घातली. अंगठा तिचाच ठेचला.

आत्याने दार वाजवलं तेव्हा ती दोऱ्याच्या ढिगाऱ्यातून उठून कडी काढायला गेली. आत्याने सुईखालची पत्र्याची झडप सरकवली. आत पोकळ.

"बॉबिन कुठाय?"

"ते काय असतं?"

आत्याने झडप पुन्हा लावली. मग म्हणाली, "खालच्या दोऱ्याची चकती, तिच्याशिवाय टाका बसतच नाही. पहिल्या दिवशी मीच काढून ठेवली. कागदाला खालचा दोरा कशाला, म्हणून."

"मग सांगायचं नाही का? सिस्टरांना चिठ्ठी दे, तुझी चूक होती म्हणून!"

"देते की. कडी लावून मशीन चालवलं, तेही लिहिते. चालेल?"

भिंगरीने दात आवळले. आत्याने कापड खिडकीशी धरलं. कडेने भोकांच्या तीन-तीन रांगा. "चाळण केलीस. दुसरं कापड नाही, यावरच शिव."

आत्याने खणातून काढून दिलेली बॉबिन बसवून भिंगरी पुन्हा शिवायला बसली. या खेपेला टाका पक्का बसला, ओढून सुटेना. पण नवी शिलाई जुन्या भोकांवर काही केल्या पडली नाही, शेजारून गेली. एप्रन झाला होता आणि तो कोणाला दाखवावासा वाटत नव्हता.

संध्याकाळी तिने पेन्सिलीला टोक काढून आजच्या मजकुराखाली लिहिलं: बॉबिन डावीकडच्या खणात, बटणांच्या डब्यात असते.